दोरावरचा हात

चार सिलिंडरची मोटार घ्यायची की सहा, या एका प्रश्नावरून माझ्या थोरल्या भावाने यवतमाळच्या एका गॅरेजसमोर, भर दुपारी, माझ्या अशी थोबाडीत दिली की खालची दाढ हलली. ती पुढे दोन वर्षं हलतच होती. एके दिवशी ज्वारीची भाकर खाताना पडली, तेव्हा मला त्याचा पुन्हा नव्याने राग आला.

साल एकसष्टच्या आसपासचं. मी चोवीसचा, भिया एकोणतीसचा. भिया म्हणजे आमच्या गोरबोलीत भाऊ. आम्ही बाभुळगावकडच्या एका तांड्यातले. घरात गोरबोली बोलायचो, बाजारात वऱ्हाडी. इथे मी सगळ्यांना वऱ्हाडीच बोलायला लावतो आहे, वाचणाऱ्याची सोय म्हणून. शिवाय भियाच्या शिव्या वऱ्हाडीत जरा सौम्य होतात.

गॅरेजच्या अंगणात दोन जुन्या गाड्या शेजारी शेजारी उभ्या होत्या. एक काळी, बुटकी, विलायती. चार सिलिंडर, कागदावर दहा घोड्यांच्या ताकदीची. दुसरी अमेरिकेकडची, लांबलचक, मागे लाकडी फळ्यांचा डबा असलेली. सहा सिलिंडर, तीस घोडे. मिस्त्रीने दोन्हीची बॉनेटं उघडून ठेवली होती आणि बिडी ओढत तो आमचं बोलणं ऐकत होता. इंजिनाच्या नुसत्या आवाजावरून रोग सांगणारा हा माणूस. मी एका जिनिंगच्या मालकाकडे पाच वर्षं ड्रायव्हर होतो आणि त्या पाच वर्षांत या मिस्त्रीने मला बरोबरीच्या माणसासारखं वागवलं होतं. त्याच्यासमोर मी मोठ्या ऐटीत भियाला समजावत होतो, की ही लहान गाडी गॅलनला तीस मैल देते, ती मोठी जेमतेम बारा. हिचे सुटे भाग नागपुरात मिळतात, तिचे कुठून आणणार. आणि आपल्याला बाभुळगावहून यवतमाळला सवाऱ्या न्यायच्या आहेत, तोफा ओढायच्या नाहीत.

"तू मालकाची एक बायको आन दोन लेकरं फिरोली," भिया म्हणाला. "तुले काय मालूम ओझं काय असते."

"आन तुले बैलाच्या शेपटीपलीकडे काय मालूम हाये?" मी म्हणालो.

त्यावर ती थोबाडीत बसली. मी जमिनीवर थुंकलो, थुंकी लाल दिसली, आणि डोकं खाली घालून त्याच्या पोटात शिरलो. आम्ही दोघं सांडलेल्या काळ्या तेलात लोळलो. मी त्याचा कान दातात धरला, त्याने माझा अंगठा उलटा वळवला. मिस्त्रीने रेडिएटरसाठी भरून ठेवलेली बादली आमच्यावर ओतली, भांडणाऱ्या कुत्र्यांवर ओततात तशी, तेव्हा कुठे आम्ही सुटलो. बा, म्हणजे आमचा बाप, तिथेच एका टायरवर बसून हे सगळं पाहत होता. तो उठला, त्याने भियाला हात देऊन उभं केलं आणि मला म्हणाला, "घरी चाल. मोठ्यावर हात उचलतं काय."

घरी त्याने मला तुतारीने मारलं. तुतारी म्हणजे बैल हाकायची काठी, टोकाला खिळा असलेली. खिळ्याचं टोक त्याने स्वतःच्या मुठीकडे ठेवलं होतं, एवढीच त्याची माया. मी कमावता माणूस, शहरात पाच वर्षं काढलेला, अंगणात उभा राहून मार खात होतो. वहिनी चुलीपाशी पाठ करून बसली होती आणि आमची याडी, म्हणजे आई, ज्वारी पाखडत राहिली.

आमच्या घरात मार हा बोलण्याचाच एक प्रकार होता. तांड्याबद्दल बोलत नाही, तांड्यात शांत माणसं पुष्कळ होती. आमच्या घराबद्दल बोलतो. चहा थंड आला म्हणून कप भिंतीवर फुटायचा. याडीने एकदा बाच्या पाठीत वरवंटा घातला होता आणि त्याच दिवशी दोघं एका ताटात जेवले. मला ते सगळं सगळ्या घरांसारखंच वाटायचं. आता लिहायला बसल्यावर लाज वाटते, तेव्हा वाटत नव्हती.

पण त्या दिवशीचा मार मला लागला. पाठीवरच्या वळांपेक्षा मिस्त्रीसमोरची थोबाडीत जास्त लागली.

आम्ही मुळात लादणारे लोक. पणज्याच्या काळी लदेणी चालायची. शेकडो बैलांच्या पाठीवर गोण्या टाकून, धान्य आणि मीठ घेऊन अख्खा तांडा मुलुख तुडवायचा. मग रेल्वे आली, सडका झाल्या, गोण्या बैलांवरून उतरल्या आणि तांडा एका जागी बसून कापूस पिकवू लागला. बाच्या डोक्यातून मात्र ते ओझं उतरलं नव्हतं. जनावर असो की माणूस, ते किती उचलतं यावर तो त्याची पारख करायचा. मोटार घ्यायची कल्पना त्याचीच होती. "आपुन पुन्हा लादू," तो म्हणायचा, "गोण्या नाई तं मानसं." मिस्त्रीने घोड्यांचा हिशेब सांगितला तेव्हा त्याने शांतपणे विचारलं होतं, "एक घोडा म्हंजे आपले किती बैल?"

भिया हा बाच्या मनासारखा मुलगा. तो शंकरपटातला धुरकरी होता, म्हणजे शर्यतीच्या हलक्या रेंगीवर बसून बैलजोडी पळवणारा. बाभुळगाव, राळेगाव, दारव्हा, जिथे पट भरेल तिथून त्याला बोलावणं यायचं. कासरा उजव्या हाताला दुपट्ट्याने गुंडाळून तो बसायचा आणि एका मनगटाच्या झटक्यावर जोडी सुटायची. पट पाहायला आलेले म्हातारे बैलांकडे न पाहता त्याच्या हाताकडे पाहायचे. तो उजवा हात म्हणजे आमच्या घराची अब्रू होती, आणि मलाही तो त्याच हाताने मारायचा.

दोन बैलजोड्यांपैकी कोणती विकत घ्यायची हे ठरत नसलं की आमच्या तांड्यात जोड लावायचे. दोन बंड्या, म्हणजे बैलगाड्या, पाठीला पाठ करून उभ्या करायच्या, मध्ये मोटेचा जाड नाडा बांधायचा आणि दोन्हीकडून हाकायच्या. जी जोडी दुसरीला ओढत रेघेपलीकडे नेईल ती घ्यायची. त्या नाड्याच्या मध्यावर एक जाणता माणूस हात धरून चालायचा. त्याला दोरावरचा हात म्हणत. कोणती जोडी नुसता धक्का देते आणि कोणती अंगाने ओढते, हे डोळ्यांना दिसत नाही पण त्या हाताला कळतं, अशी समजूत होती. त्याचा शब्द शेवटचा. मग कोणी चकार शब्द काढायचा नाही. कितीतरी वर्षं आमच्या तांड्यात तो हात भियाचा होता.

जोड लावणं हा प्रेमळ प्रकार नव्हता. शेपट्या पिळायच्या, तुतारीच्या टोकाची आर टोचायची, बैलांच्या मांड्यांवरून रक्त ओघळायचं. एका तांबड्या बैलाचा पुढचा पाय गुडघ्यात मोडलेला मी पाहिला आहे. मालकाने त्याला तशा पायावर आणखी चार पावलं हाकलं, कारण रेघ चार पावलांवर होती. भिया त्या दिवशी नाडा सोडून बाभळीमागे गेला आणि ओकला. म्हणजे त्याला काही कळत नव्हतं असं नाही.

मला मारून झाल्यावर बाने घाम पुसला आणि निकाल दिला.

"जोड लाऊ."

"मोटारीची?" मी विचारलं.

"काहून नाई? ओढते ना ते? ओढते त्याची जोड लागते."

मिस्त्री आधी हसला. पण दोनातली एक गाडी आम्ही घेणार हे नक्की होतं, आणि पाच वर्षांची माझी ओळख होती. तो तयार झाला. चार दिवसांनी सकाळीच दोन्ही गाड्या आमच्या शेतात आल्या. एक मी चालवत आणली, एक त्याने. कापसाच्या वाळक्या पऱ्हाट्या उपटून झाल्या होत्या, जमीन मोकळी आणि टणक होती. सगळा तांडा बांधावर जमला. भियाने नवा दुपट्टा डोक्याला बांधला होता, पटाला जाताना बांधायचा तसा. चार दिवसांत तो माझ्याशी एक शब्द बोलला नव्हता, मीही नव्हतो.

लहान गाडीत मी बसलो, मोठीत मिस्त्री. पाठीला पाठ, मध्ये मोटेचा नाडा, आणि नाड्यावर भियाचा हात. बाने हातातला फडका खाली टाकला. मिस्त्रीने नुसता पाय ठेवला असेल नसेल, नाडा कटकन तुटला आणि भिया ढुंगणावर आपटला. बांधावरचे लोक पोट धरधरून हसले. मीही हसलो, अगदी मनापासून.

मग मिस्त्रीने मोठ्या गाडीच्या डब्यातून पोलादी तार काढली, बंद पडलेली मोटार ओढून न्यायला वापरतात ती.

इथे मला एक गोष्ट सांगायला हवी. जिनिंगमध्ये असताना मी अशी तार तुटलेली पाहिली होती. जड यंत्र चढवत होते, तार तुटली. दोर तुटला की लोळण घेतो. तार तुटली की फिरते. ती फिरली आणि दहा पावलांवरचा कुंपणाचा सागवानी खांब मधोमध कापून गेली. सुट्टीत घरी आल्यावर ही गोष्ट मी तिखटमीठ लावून सांगितली होती. याडीने कानांवर हात ठेवले होते. भिया हसला होता आणि म्हणाला होता, जिनातले लोक लय रिकामे दिसतात.

मिस्त्रीने तार दोन्ही गाड्यांना अडकवली, लोकांना हात करून लांब हटवलं. भिया हटला नाही. त्याला कोणी हटवलंही नाही, कारण त्याची ती जागाच होती. मिस्त्री माझ्या खिडकीशी वाकला.

"रस्सी की बात अलग थी," तो म्हणाला. "भाई को बोलो, तार पे हाथ ना रखे. और झटका मत देना. आहिस्ता."

"बोलता हूं," मी म्हणालो.

तो आपल्या गाडीत जाऊन बसला. त्याची काही चूक नव्हती; भाऊ माझा, भाषा माझी, सांगायचं मी. इंजिनं सुरू झाली. मी समोरच्या आरशात पाहिलं. मागच्या काचेतून भिया दिसत होता. डोक्याचा दुपट्टा सोडून तो उजव्या हाताला गुंडाळत होता, आणि त्याच दुपट्ट्याचे दोन वेढे त्याने तारेवर घेतले, कासऱ्यावर घ्यायचा तसे. मग मूठ आवळली. पाठ टेकली की माझे वळ दुखत होते, म्हणून मी पुढे सरकून बसलो होतो. दाढ ठणकत होती. भियाने मान वर केली आणि आरशात आमची नजर भिडली.

खिडकी उघडी होती. पाच अंक मोजता येतील एवढा वेळ होता. हात काढ, एवढंच म्हणायचं होतं. मी म्हणालो नाही.

मला वाटलं, बसू दे थोडा झटका. सोलवटू दे तळहात. बोटं जातील असं वाटलं नव्हतं, असं मी स्वतःला आजपर्यंत हजार वेळा सांगितलं आहे. पण कापलेला खांब मी पाहिला होता. राग आलेल्या माणसाला सगळं दिसत असतं, त्याला ते नको असतं एवढंच.

बाने फडका टाकला. मी अॅक्सिलरेटर तळापर्यंत दाबला आणि क्लच एकदम सोडला. मिस्त्रीने नको सांगितलेला झटका मी दिला. लहान इंजिन जिंकायचं असेल तर पहिल्या हिसक्यातच जिंकेल, हे मला ठाऊक होतं, आणि त्या वेळी जिंकण्याशिवाय माझ्या डोक्यात काही नव्हतं. गाडी उसळली, हातभर पुढे गेली. मग मोठी गाडी शांतपणे ओढू लागली. माझी चाकं पुढे फिरत होती आणि गाडी मागे जात होती. धुळीने काच भरली. सगळं बॉनेट थरथरत होतं, आणि मी त्या बिचाऱ्या इंजिनाला आईबहिणीवरून शिव्या देत होतो. तेवढ्यात मागून लोखंड फाटल्यासारखा आवाज आला आणि गाडी सुसाट पुढे सुटली.

एक क्षणभर मला वाटलं, मी जिंकलो.

माझ्या गाडीचा मागचा बंपर आकड्यासकट उपटून गेला होता. मी उतरून मागे धावलो तेव्हा भिया उभाच होता. डाव्या हातात त्याने उजवं मनगट धरलं होतं, कोंबडी मानेला धरतात तसं. ओरडत नव्हता. दुपट्टा दूर तारेबरोबर मातीत पडला होता. उजव्या हाताला अंगठा होता. बाकी चार बोटांच्या जागी काही नव्हतं, आणि जे होतं ते मी लिहिणार नाही. वहिनी किंचाळत आली आणि तिने डोक्यावरची ओढणी काढून त्या हाताला घट्ट आवळली. तांड्यातली सून भर लोकांत बोडक्या डोक्याने बसली होती, कोणी काही म्हटलं नाही. बा खाली वाकून ढेकळांमध्ये काहीतरी शोधत होता. तो काय शोधतो आहे हे मला कळलं.

पण थांबायला वेळ नव्हता. दवाखाना यवतमाळला, आणि मध्ये करळगावचा घाट. माझी लहान गाडी पन्नास पावलांवर चालू अवस्थेत उभी होती. मी तिच्याकडे पाहिलंही नाही. मी मोठीकडे धावलो, सुन्न झालेल्या मिस्त्रीला बखोटीला धरून बाजूला ढकललं आणि स्टिअरिंगवर बसलो. चार की सहा यावर मी चार दिवस भांडलो, मार खाल्ला, मार दिला. घाट चढायची खरी वेळ आली तेव्हा निवड करायला मला एक पळही लागलं नाही.

मागे लाकडी डब्यात भिया, त्याचं डोकं वहिनीच्या मांडीवर. बा कडेला बसला होता. घाटात गाडीने गिअर बदलायला न लावता चढ घेतला. तसं ओढणारं इंजिन मी तोपर्यंत चालवलं नव्हतं. मागून भियाचा आवाज आला.

"ओढते ना?"

"बोलू नोको," मी म्हणालो.

"सांग ना बे. ओढते ना?"

"ओढते."

"अंगानं ओढते," भिया म्हणाला. "तुह्यी धक्का देते." आणि त्याची शुद्ध गेली.

दोरावरच्या हाताचा शब्द शेवटचा. बाने मोठी गाडी घेतली.

दवाखान्याच्या व्हरांड्यात मिस्त्री आला तेव्हा त्याचे डोळे सुजले होते. त्याने मला कोपऱ्यात नेलं आणि खालच्या आवाजात विचारलं, "तुमने बोला था ना उसको?"

"बोला था," मी म्हणालो. "उसने सुना नहीं."

मला वाटतं मी आयुष्यात इतक्या सहजपणे दुसरं काही बोललो नाही. मिस्त्रीने सुटकेचा श्वास सोडला आणि ती गोष्ट पुढे सगळ्यांना सांगितली, चांगल्या मनाने. महिनाभरात सगळा तांडा म्हणू लागला की धाकट्याने बजावलं होतं, थोरल्याने ऐकलं नाही. हट्टी आहे, पटाची मस्ती. बाही म्हणू लागला. भियाच्या तोंडावर म्हणायचे. भियाने ते कधी एका शब्दानेही नाकारलं नाही. मी तिथे बसलेलो असायचो.

मी ती गाडी सहा वर्षं चालवली. पेट्रोल तिने मी सांगितलं होतं तसंच ढोसलं, आणि ओझं भियाने सांगितलं होतं तसं ओढलं. आम्ही चौदा चौदा माणसं कोंबायचो, वर कापसाची बोचकी, पायाशी शेळ्या. लहान गाडी महिन्यात मेली असती. भियाचं खरं होतं, आणि हे मान्य करताना आजही माझ्या हिरड्या ठणकतात. तो पुढच्या सीटवर माझ्याशेजारी बसायचा, सवाऱ्यांना हाका मारायचा, डाव्या हाताने दार ओढून घ्यायचा. बैलजोडी विकली होती. पटाच्या दिवसांत रस्त्याने रेंग्या जाताना दिसल्या की तो दुसऱ्या बाजूच्या शेताकडे पाहायचा, आणि मी उगाच हॉर्न वाजवायचो.

आणि त्याने मला पुन्हा कधी मारलं नाही.

डावा हात तयार झाला नव्हता अशातला भाग नाही. एका दारू पिऊन आलेल्या सवारीला त्याने डाव्या हाताने दारातून बाहेर फेकलेलं मी पाहिलं. पण माझ्यावर त्याचा हात उठेना. मी वाट पाहायचो. मी मुद्दाम खोड्या काढल्या. एकदा त्याच्या तोंडावर त्याला लुळा म्हणालो, भर स्टँडवर. त्याने माझ्याकडे पाहिलं आणि दार ओढून घेतलं. मग मी इतरांना मारू लागलो. सायकलवाल्यांना, हमालांना, एकदा तर बैलाला, रस्त्यातून हटला नाही म्हणून. त्या बैलाच्या तोंडातून फेस येईपर्यंत मी जॅकच्या दांड्याने मारलं, आणि भियाने मला मागून कमरेला धरून ओढलं. तेव्हाही मारलं नाही. घरी मला जेवण जात नसे. मला त्याची भीती वाटत नव्हती. तो मला मारत नाही याची वाटत होती.

सहाव्या वर्षी, वैशाखात, त्याच घाटात गाडी तापली. झाकणातून वाफ निघू लागली. सवाऱ्यांना आम्ही चालत पुढे पाठवलं आणि इंजिन थंड होईपर्यंत सागाच्या उघड्याबोडक्या झाडांखाली बसलो. पाण्याचा डबा होता, पण तापलेल्या रेडिएटरचं झाकण लगेच उघडायचं नसतं. उकळतं पाणी तोंडावर येतं. भियाने आगपेटी उजव्या अंगठ्याने तळव्याशी दाबून धरली आणि डाव्या हाताने बिडी पेटवली. ती त्याची रोजची कसरत मी सहा वर्षं पाहत होतो. त्या दिवशी मला ती पाहवेना.

"भिया," मी म्हणालो, "मिस्त्रीनं मले सांगतलं होतं. तुले हात काढाले सांग म्हने. मी तुले सांगतलंच नाई."

त्याने धूर सोडला. "मालूम हाये."

"कोनं सांगतलं?"

"कोनं कायले सांगाले पाह्यजे? जिनातल्या तारेची गोष्ट तूच नव्हती का सांगतली घरी? खांब कापला म्हने. मले याद होती."

"मंग हात काहून नाई काढला?"

त्याने खाली दरीकडे पाहिलं. "आरशात तुह्याकडं पाहून राह्यलो होतो," तो म्हणाला. "म्हनलं, सांगते का पाहू."

सहा वर्षं मी समजत होतो की त्या पाच अंकांएवढ्या वेळात मी एकटाच गप्प बसलो होतो. तो तिकडे तार धरून, मूठ आवळून, माझ्या तोंडून दोन शब्द येण्याची वाट पाहत होता, आणि ते आले नाहीत तरी त्याने मूठ सोडली नाही. मग सहा वर्षं हट्टी म्हणवून घेतलं.

"मार मले," मी म्हणालो.

"इंजिन पाह्य थंडं झालं का," तो म्हणाला.

मी उठलो. झाकण फडक्याने धरायचं असतं, आणि फडकं सीटवर होतं. मी ते घेतलं नाही. बॉनेट वर करून मी उघडा हात त्या झाकणावर ठेवला, दाबून ठेवला. कातडी चरचरली, वाफेचा फणकारा मनगटावर आला, आणि मी मुकाट्याने झाकण फिरवू लागलो.

"हात काढ," मागून भियाचा आवाज आला. "हात काढ बे, हात काढ."

मी काढला नाही. तो धावत आला आणि बोटं नसलेल्या त्या उजव्या हाताने त्याने माझ्या मनगटावर असा घाव घातला की माझा हात झाकणावरून उडाला आणि मी सडकेवर पडलो. त्याचा जुना व्रण फुटला होता, त्यातून रक्त येत होतं. त्याने डब्यातलं सगळं पाणी माझ्या हातावर ओतलं, रेडिएटरसाठी थेंबही ठेवला नाही.

सहा वर्षांनी त्याने मला मारलं होतं. मी भर उन्हात, सडकेवर बसून, तोंड उघडं टाकून रडलो. भिया शेजारी उकिडवा बसून माझा भाजलेला हात वर धरून होता. वळणावर पुढे गेलेल्या आमच्या सवाऱ्या थांबून आमच्याकडे पाहत होत्या.